लेफ्टनंट गव्हर्नर म्हणजे अमेरिकेतले उपसरपंच का?

मधुमालती

मंडळी, नोव्हेंबर २०२५ मध्ये मी अमेरिकेत पहिल्यांदा मत दिलं. पंधरा वर्षं न्यू जर्सीत काढल्यावर नागरिकत्व मिळालं, त्यामुळे उत्साह दांडगा. टपालाने आलेली मतपत्रिका डायनिंग टेबलावर पसरून काळं पेन हातात घेऊन बसले होते. आई तेव्हा साताऱ्याहून आलेली. ती पलीकडे मेथी निवडत होती.

गव्हर्नरपदासाठी प्रत्येक पक्षाची दोन-दोन नावं छापलेली, पण काळं करायला गोल एकच. आईने चष्मा वर केला आणि विचारलं, "हे खालचं नाव कुणाचं?" म्हटलं, लेफ्टनंट गव्हर्नरचं. गव्हर्नर नसेल तेव्हा कारभार बघणारा. "मग उपसरपंच म्हण की. आणि त्याला वेगळं मत नाही? एकाच पॅनेलचे दोघं?"

आई एके काळी ग्रामपंचायत सदस्य होती, त्यामुळे हा प्रश्न तिला सहज सुचला. मला उत्तर येईना. मग रात्री वाचत बसले, त्यातून हा धागा.

भारतातल्या वाचकांसाठी आधी एक खुलासा. इथला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. तो लोकांनी थेट निवडलेला राज्याचा कारभारी, म्हणजे कामाच्या दृष्टीने आपला मुख्यमंत्री. म्हणून लेफ्टनंट गव्हर्नरला 'उपराज्यपाल' म्हटलं की डोळ्यांपुढे दिल्लीचे उपराज्यपाल येतात आणि सगळाच घोळ होतो. मी या धाग्यात 'लेग' म्हणणार आहे, चालवून घ्या.

५० पैकी ४५ राज्यांत हे पद आहे. त्यातल्या टेनेसी आणि वेस्ट व्हर्जिनियात सिनेटच्या, म्हणजे राज्य विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाच्या, अध्यक्षालाच ती पदवी चिकटवलेली आहे. १७ राज्यांत लेग स्वतंत्रपणे निवडून येतो, बाकी ठिकाणी गव्हर्नरच्या जोडीने. आमच्या न्यू जर्सीत २०१० पर्यंत हे पदच नव्हतं! १९४७ च्या राज्यघटनेत ठेवलंच नव्हतं. गव्हर्नर गेला की सिनेटचा अध्यक्ष दोन्ही खुर्च्यांवर बसायचा. कायदे करणाराही तोच आणि त्यावर सही करणाराही तोच.

त्यातून काय गमती झाल्या बघा. जानेवारी २००१ मध्ये गव्हर्नर ख्रिस्टीन टॉड व्हिटमन वॉशिंग्टनला पर्यावरण खात्यात गेल्या. सिनेटचे अध्यक्ष डॉनल्ड डिफ्रान्सेस्को प्रभारी झाले. पुढच्या जानेवारीत त्यांची अध्यक्षपदाची मुदत संपली, पण नव्या गव्हर्नरच्या शपथविधीला आठवडा बाकी होता. नव्या सिनेटमध्ये दोन्ही पक्ष २०-२०, म्हणून अध्यक्षही दोन! मग आधी सुमारे दीड तास अॅटर्नी जनरल जॉन फार्मर गव्हर्नर. नंतर साडेतीन दिवस रिपब्लिकन जॉन बेनेट, साडेतीन दिवस डेमोक्रॅट रिचर्ड कोडी. १५ जानेवारी २००२ ला जिम मॅकग्रीव्हींनी शपथ घेतली तेव्हा आठ दिवसांत राज्याने पाच कारभारी पाहिले होते. लग्नघरात पाहुण्यांनी आळीपाळीने आंघोळी उरकाव्यात तसं.

एवढं होऊनही सुधारणा लगेच झाली नाही. मॅकग्रीव्ही २००४ च्या नोव्हेंबरात पायउतार झाले आणि कोडी पुन्हा चौदा महिने प्रभारी. मग कुठे नोव्हेंबर २००५ मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केली. पहिली जोडी निवडून आली २००९ ला, ख्रिस ख्रिस्टी आणि किम ग्वाडाग्नो. पक्षाची उमेदवारी मिळाल्यावर गव्हर्नरच्या उमेदवाराने तीस दिवसांत आपला जोडीदार जाहीर करायचा, असा नियम. जोडीदारासाठी प्रायमरी, म्हणजे उमेदवार ठरवायची पक्षातली निवडणूक, वगैरे काही नाही. लेगला एखादं खातंही सांभाळायला देता येतं, त्यामुळे तो नुसता बसून राहत नाही.

आणि तरी पहिल्याच वर्षी काय झालं? डिसेंबर २०१०, नाताळच्या दुसऱ्या दिवशी प्रचंड हिमवादळ. मी देशातून येऊन चार महिने झाले होते. गाडी कुठली आणि बर्फाचा ढीग कुठला कळत नव्हतं, शेजारच्या गुजराती काकांनी फावडं दिलं. गव्हर्नर साहेब तेव्हा कुटुंबासह फ्लोरिडात डिस्ने वर्ल्डला, आणि ज्यांच्यासाठी घटना बदलली त्या लेगबाई मेक्सिकोत! कारभार पुन्हा सिनेटचे अध्यक्ष स्टीफन स्वीनी यांच्याकडे.

माझं मत: पद हवं, आणि जोडीनेच निवडलेलं हवं. लोकांनी ज्या विचाराला मत दिलं तोच विचार गव्हर्नर नसतानाही चालू राहायला हवा. तुमच्या राज्यात काय आहे? अनुभव लिहा.

खडीसाखर

मस्त लिहिलंयस. लग्नघराच्या आंघोळी, हाहा.

२०२३ ची गोष्ट राहिली. शीला ऑलिव्हर लेग होत्या. गव्हर्नर मर्फी इटलीला सुट्टीवर गेलेले, म्हणून त्या प्रभारी गव्हर्नर. त्यातच आजारी पडून त्यांना रुग्णालयात नेलं आणि १ ऑगस्टला त्या गेल्या. कारभार परत सिनेटच्या अध्यक्षांकडेच. पुढे मर्फींनी तहेशा वे यांना नेमलं. म्हणजे जोडीने निवडून आलेल्या लेगची जागा रिकामी झाली की पुढचा लेग गव्हर्नरच नेमणार, त्याला कुणी मत दिलेलं नसणार. हे तुला चालतं का?

ह्यूस्टनचा_बाळ्या

अजिबात पटलं नाही. जोडीने निवडला की लेग म्हणजे गव्हर्नरची स्टेपनी. डिकीत पडून राहणार.

आमच्याकडे टेक्सासात या. इथे जाणकार लोक सरळ सांगतात की राज्यातला सगळ्यात वजनदार माणूस गव्हर्नर नव्हे, लेग आहे. स्वतंत्र निवडणूक, चार वर्षांची मुदत. ३१ जणांच्या सिनेटचा तो पीठासीन. कुठलं विधेयक कुठल्या समितीकडे जाणार हे तो ठरवतो, समित्यांवर कोण बसणार आणि अध्यक्ष कोण होणार हेही तोच. अर्थसंकल्पाची जी समिती असते तिचं अध्यक्षपद खालच्या सभागृहाच्या स्पीकरबरोबर त्याच्याकडे. एखादं विधेयक त्याला नको असेल तर विरोधात बोलायचीही गरज नाही. ते पुढे सरकतच नाही, बस्स. फाईल दाबून ठेवणं म्हणतो ना आपण, ते.

या सगळ्याचा पगार किती? महिन्याला ६०० डॉलर. माझ्या मुलीची डेकेअरची फी याहून जास्त आहे.

डॅन पॅट्रिक जानेवारी २०१५ पासून तिथे बसलेत. आल्या आल्या त्यांनी सिनेटचा जुना नियम मोडला. पूर्वी विधेयक चर्चेला घ्यायला दोन तृतीयांश सदस्य लागायचे, त्यांनी ते तीन पंचमांशावर आणलं, पुढे अजून खाली. ताकद आहे म्हणूनच जमलं. आणि २०२५ मध्ये त्यांनी जीव तोडून टीएचसीबंदीचं विधेयक पुढे रेटलं (गांजातलं नशेचं रसायन, इथे दुकानात गोळ्या-बिस्किटांत मिळतं). गव्हर्नर अॅबट यांनी जूनमध्ये त्यावर व्हेटो मारला. दोघं एकाच पक्षाचे! जोडीने निवडून आलेला लेग असा भिडला असता का?

त्याआधीचं सांगायचं तर जॉर्ज बुश गव्हर्नर झाले तेव्हा लेग होते बॉब बुलक, डेमोक्रॅट. चार वर्षं दोघांनी उत्तम काम केलं. वेगळे पक्ष म्हणजे भांडणच होतं असं नाही.

चष्मा_हरवला

बाळ्या, टेक्सासचं उदाहरण फसवं आहे. ती ताकद स्वतंत्र निवडणुकीतून येत नाही, सिनेटच्या नियमांतून येते. सिनेटने उद्या नियम बदलले तर तुमच्या लेगच्या हातात हातोडा उरेल फक्त.

मी नॉर्थ कॅरोलिनात, कॅरी गावात. इथेही लेग वेगळा निवडतात आणि ते आम्ही भोगलंय. २०१७ पासून आठ वर्षं गव्हर्नर रॉय कूपर डेमोक्रॅट आणि लेग रिपब्लिकन, आधी डॅन फॉरेस्ट, मग मार्क रॉबिन्सन. आमच्या घटनेनुसार गव्हर्नर राज्याची हद्द ओलांडून गेला की लेग प्रभारी. ऑक्टोबर २०२३ मध्ये कूपर जपानच्या दौऱ्यावर होते, तर इकडे रॉबिन्सननी प्रभारी या नात्याने इस्रायलच्या पाठिंब्याचा सप्ताह जाहीर करून टाकला. मुद्दा बरोबर की चूक हे सोडा, पण गव्हर्नर विमानात आणि राज्याच्या नावाने घोषणा दुसऱ्याच्या.

खरी गंमत २०२४ ला. कमला हॅरिस उपाध्यक्षपदासाठी जोडीदार शोधत होत्या, त्यात कूपर यांचं नाव होतं. त्यांनी स्वतःहून माघार घेतली आणि नंतर एक कारण सांगितलं की प्रचाराला राज्याबाहेर गेलो की मागे रॉबिन्सन प्रभारी होणार. म्हणजे घरात कोण बसलंय या धास्तीने माणसाने देशाच्या निवडणुकीतून अंग काढून घेतलं. याहून मोठा पुरावा काय देऊ?

(सध्या दोघं एकाच पक्षाचे आहेत, जॉश स्टाइन आणि रेचल हंट. पण तो योगायोग. मतपत्रिकेवर रकाने अजून वेगळेच आहेत.)

मधुमालती

@चष्मा_हरवला, हे आईला वाचून दाखवलं (व्हिडिओ कॉलवर, ती परत गेली). ती खो खो हसली. म्हणे आमच्याकडे हेच झालं की.

२०१७ मध्ये आपल्याकडे सरपंच थेट लोकांतून निवडायची पद्धत आली, आठवतंय ना? मध्ये ती रद्द झाली, २०२२ ला परत आणली. उपसरपंच मात्र सदस्यांनी आपल्यातून निवडायचा. आमच्या गावात सरपंच एका पॅनेलचा निवडून आला आणि सदस्य जास्त दुसऱ्या पॅनेलचे. साहजिकच उपसरपंच दुसऱ्या पॅनेलचा. सरपंच तिरुपतीला गेले तेव्हा मासिक सभा उपसरपंचांच्या अध्यक्षतेखाली झाली आणि पाण्याच्या पाइपलाइनचा मार्ग बदलायचा ठराव प्रोसिडिंग बुकात चढला! सरपंच टकला करून परत आले ते थेट ग्रामसेवकाच्या टेबलावर. पुढे सहा महिने कोरमअभावी सभा तहकूब. पाइपलाइन कुठूनच गेली नाही.

पोटमाळा

तिरुपतीच्या किश्श्याला तोडीस तोड कॅलिफोर्निया आहे. मी सनीव्हेलकर.

१९७९. गव्हर्नर जेरी ब्राउन, डेमोक्रॅट, राष्ट्राध्यक्षपदाची स्वप्नं पडत असल्यामुळे सारखे राज्याबाहेर. लेग माइक कर्ब, रिपब्लिकन. ब्राउन हद्दीबाहेर गेले की कर्ब कामाला लागायचे. एकदा त्यांनी अपील न्यायालयावर चक्क एक न्यायाधीश नेमला. ब्राउन परतले, त्यांनी नेमणूक मागे घेतली. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. निकाल असा की कर्बना नेमायचा अधिकार होता, आणि नेमणूक पक्की व्हायच्या आधी ती मागे घ्यायचा ब्राउनना अधिकार होता. दोघंही बरोबर! आपल्याकडे पंच दोन्ही बाजूंना नारळ देतात तसा निकाल.

आयडाहोतही हेच. मे २०२१ मध्ये गव्हर्नर ब्रॅड लिटल टेनेसीला गेलेले, लेग जॅनिस मॅकगीचिन यांनी मास्कसक्तीवर बंदीचा आदेश काढला. दुसऱ्या दिवशी साहेब परत, आदेश रद्द. दोघं रिपब्लिकन. ऑक्टोबरमध्ये पुन्हा तोच खेळ, या वेळी लशींवरून.

माझ्या मते मूळ दुखणं निवडणुकीत नाही, 'हद्दीबाहेर' या शब्दात आहे. हा नियम घोडागाडीच्या काळातला. तेव्हा गव्हर्नर शेजारच्या राज्यात गेला की पत्र पोचायला चार दिवस. आज माणूस टोकियोहून फोनवर सही करतो. तो कलम बदला, मग लेग वेगळा निवडला काय आणि जोडीने काय.

बाकी आमच्या लेगला रोजचं काम फारसं नाही. विद्यापीठांच्या मंडळांवर आणि राज्याच्या जमिनींच्या आयोगावर तो पदसिद्ध सदस्य असतो. गॅव्हिन न्यूसम आठ वर्षं तिथे होते आणि मग गव्हर्नर झाले. फलाटावर उभं राहून गाडीची वाट बघायची जागा.

खडीसाखर

'तो' कलम नाही हो, 'ते' कलम. तो कलम म्हणजे आंब्याचा.

पोटमाळा

मान्य. हापूसचा.

म्हादई

न्यू जर्सीच्या धाग्यात गोवा घुसवते, रागावू नका.

आमच्याकडे ३० मे १९८७ ला घटक राज्य होईपर्यंत उपराज्यपालच असत, गोवा, दमण आणि दीवचे. गोपाल सिंग हे शेवटचे उपराज्यपाल आणि तेच पहिले राज्यपाल. माझे वडील सचिवालयात कारकून. ते सांगायचे, आदल्या दिवशी पाटीवर 'उप' होतं, दुसऱ्या दिवशी नाही, खुर्चीत माणूस तोच. पण ते पद दिल्लीहून नेमलेलं, कुणाच्या मताचा संबंध नाही. त्यामुळे मधुमालतीने 'लेग' म्हटलं ते बरं केलं.

भारतात घटक राज्याला उपराज्यपाल नसतोच. राज्यपालाची जागा रिकामी झाली की राष्ट्रपती दुसऱ्या राज्याच्या राज्यपालाकडे अतिरिक्त कार्यभार देतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सी. पी. राधाकृष्णन उपराष्ट्रपती झाले तेव्हा महाराष्ट्राचा कार्यभार गुजरातचे आचार्य देवव्रत यांच्याकडे गेला ना, तसं.

आणि उपमुख्यमंत्री म्हणाल तर घटनेत तो शब्दच नाही. महाराष्ट्रात १९७८ ला वसंतदादांच्या मंत्रिमंडळात नासिकराव तिरपुडे पहिले उपमुख्यमंत्री झाले, ती युतीची सोय होती. तेव्हापासून आजतागायत सोयच. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याचिका फेटाळताना हेच म्हटलं, की उपमुख्यमंत्री शेवटी एक मंत्रीच. मुख्यमंत्री गेला तर उपमुख्यमंत्री आपोआप वर चढत नाही. अमेरिकेतला लेग चढतो. तुलना करायची तर हा फरक लक्षात ठेवून करा.

बिनपाण्याची_बादली

वाचतोय. पोटमाळा +१.

लागोसवासी

स्टेपनीवरून आठवलं. नायजेरियात डेप्युटी गव्हर्नरला लोक खरंच 'स्पेअर टायर' म्हणतात, वर्तमानपत्रांतसुद्धा. मी इथे अकरा वर्षं आहे, औषधांच्या धंद्यात.

३६ राज्यं आणि सगळीकडे एकच नियम, १९९९ च्या राज्यघटनेतला. गव्हर्नरपदाच्या उमेदवाराने जोडीदाराचं नाव दिलं नाही तर त्याचा अर्जच वैध नाही. निवडून आले तर दोघं, पडले तर दोघं. त्यामुळे जोडीदार निवडताना हिशेब एकच: हा राज्याच्या कुठल्या भागातला, कुठल्या जमातीचा, कुठल्या धर्माचा. काम काय करणार हे कुणी विचारत नाही. गव्हर्नर सोपवेल तेवढंच काम. माझ्या ओळखीचा एक ठेकेदार म्हणतो, डेप्युटीच्या ऑफिसात चहा लवकर मिळतो, कारण रांग नसते.

पण स्टेपनीला हसू नका. गुडलक जोनाथन हे बायेल्सा राज्याचे डेप्युटी गव्हर्नर. डिसेंबर २००५ मध्ये गव्हर्नर अलामीयेसेघा यांच्यावर महाभियोग झाला, जोनाथन गव्हर्नर. २००७ ला देशाचे उपाध्यक्ष. राष्ट्राध्यक्ष यार-अदुआ आजारी पडले, २०१० च्या फेब्रुवारीत जोनाथन प्रभारी आणि मे महिन्यात ते वारल्यावर राष्ट्राध्यक्ष. दोनदा 'उप' आणि दोन्ही वेळा वरची खुर्ची रिकामी झाली. नावातच गुडलक असल्यावर काय!

अदामावाचं तर त्याहून भारी. जानेवारी १९९९ मध्ये अतिकू अबुबकर तिथले गव्हर्नर म्हणून निवडून आले, पण शपथेआधीच राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार ओबासांजो यांनी त्यांना उपाध्यक्षपदासाठी घेतलं. शपथ घेतली ती जोडीदार बोनी हरुना यांनी. गव्हर्नर म्हणून त्यांच्या नावावर कुणी शिक्का मारलाच नव्हता.

आणि जोडीने निवडले म्हणजे गोडीने राहतात हा गैरसमज काढून टाका. ओंडो राज्यात गव्हर्नर अकेरेडोलू आजारी, आणि इकडे विधानसभा डेप्युटीवर महाभियोग चालवायला निघालेली. शेवटी देशाच्या राष्ट्राध्यक्षांना मध्ये पडावं लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये अकेरेडोलू गेले, त्याच दिवशी डेप्युटी अय्येदातिवा यांनी शपथ घेतली, आणि पुढच्या वर्षी ते स्वतः निवडूनही आले.

मधुमालती

@लागोसवासी, हे काहीच माहीत नव्हतं, मनापासून आभार. माझ्या 'तोच विचार चालू राहतो' या मुद्द्याला तुम्ही चांगलंच भोक पाडलंत. तरी म्हणेन, भांडण झालं तरी निदान पॅनेल एकच होतं.

@खडीसाखर, नेमलेल्या लेगबद्दल तू विचारलंस ते टोचतंय. नाही, फारसं चालत नाही. पण रिकामी खुर्ची ठेवणं त्याहून वाईट.

कवठाची_चटणी

नेमलेल्या लेगचा विषय निघालाच आहे तर न्यू यॉर्क ऐका. २००८ मध्ये एलियट स्पिट्झरनी राजीनामा दिला, लेग डेव्हिड पॅटरसन गव्हर्नर झाले आणि लेगची जागा रिकामी. पुढच्या उन्हाळ्यात सिनेट ३१-३१. निर्णायक मत द्यायला लेगच नाही! सिनेट महिनाभर ठप्प. एकदा तर दोन्ही गट एकाच सभागृहात, एकाच वेळी, आपापली सभा चालवत होते. पॅटरसननी शेवटी रिचर्ड रॅव्हिच यांना लेग नेमून टाकलं. घटनेत तसं स्पष्ट कुठे लिहिलेलं नव्हतं. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च कोर्टात, निकाल ४ विरुद्ध ३, नेमणूक वैध.

शिवाय आमच्याकडे २०२२ च्या निवडणुकीपर्यंत तिसराच प्रकार होता. प्रायमरीत गव्हर्नर आणि लेग वेगवेगळे निवडायचे आणि मग नोव्हेंबरात जबरदस्तीने जोडी. बघण्याचा कार्यक्रम न होता थेट बोहल्यावर.

चष्मा_हरवला

जबरदस्तीच्या जोडीने इलिनॉयचं वाटोळं झालं होतं. १९८६ ला अॅडलाय स्टीव्हन्सन (तिसरे) डेमोक्रॅट पक्षाकडून गव्हर्नरपदाचे उमेदवार झाले. लेगच्या प्रायमरीत मात्र लिंडन लारूश या भलत्याच टोकाच्या माणसाचा अनुयायी जिंकला. कुणाचं लक्षच नव्हतं, लोकांनी नाव बघून गोल काळा केला. स्टीव्हन्सननी त्याच्या शेजारी नाव लावायला नकार दिला, पक्षाची उमेदवारी सोडली, नवा पक्ष काढला आणि पडले.

२०१० ला पुन्हा तेच. एका सावकारी पेढीवाल्याने स्वतःचे पैसे ओतून लेगची प्रायमरी जिंकली. मग जुनी प्रकरणं बाहेर आली आणि पाच दिवसांत त्याला उमेदवारी सोडावी लागली. त्यानंतर कायदा बदलला. आता प्रायमरीपासूनच जोडी. चोवीस वर्षांत दोनदा पाय घसरल्यावर पायरी दुरुस्त केली म्हणायची.

त्याच राज्यात १९८१ ला डेव्ह ओनील नावाच्या लेगने राजीनामा दिला होता. कारण? कंटाळा आला.

परभणीकर_रिचमंड

व्हर्जिनिया हजर. इथे लेग स्वतंत्र, काम अर्धवेळ, ४० जणांच्या सिनेटचा पीठासीन, बरोबरी झाली तर मत. वर्षाला ३६,३२१ डॉलर. तरी उड्या पडतात. कारण आमच्या गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा उभंच राहता येत नाही, त्यामुळे दर चार वर्षांनी वरची जागा मोकळी. टिम केन, राल्फ नॉर्थम दोघं याच शिडीवरून चढले. शिडी सगळ्यांना लाभत नाही. विन्सम अर्ल-सीअर्स २०२५ मध्ये स्पॅनबर्गर यांच्याकडून पडल्या.

मी त्या दिवशी गव्हर्नरला वेगळं मत दिलं आणि लेगला वेगळं, आणि मला ते आवडलं. लेग झाल्या गझाला हाश्मी. जन्म हैदराबादचा. शेजारच्या मेरीलँडच्या लेग अरुणा मिलर, त्याही हैदराबादच्याच, जन्मवर्षही तेच, १९६४. त्या मात्र वेस मूर यांच्या जोडीने आल्या, गीतेवर हात ठेवून शपथ घेतली. पेशाने सिव्हिल इंजिनिअर. मेरीलँडच्या लेगला घटनेने स्वतःचं असं काम दिलेलंच नाही, गव्हर्नर सांगेल ते. तिथलं आजचं पदही १९७० चं. स्पायरो अॅग्न्यू देशाचे उपाध्यक्ष व्हायला गेले आणि मागे लेगच नाही, तेव्हा विधिमंडळाने गव्हर्नर निवडला. मग शहाणपण सुचलं.

तर दोन शेजारी राज्यं, दोन हैदराबादी बायका, एक स्वतःच्या मतांवर, एक जोडीने. आमचं परभणी १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानातच, त्यामुळे मी दोघींनाही गाववाल्या मानतो.

ह्यूस्टनचा_बाळ्या

मराठी माणूस कधी लेग होणार मग?

परभणीकर_रिचमंड

श्री ठाणेदार थेट गव्हर्नरच व्हायला निघाले होते की! जन्म चिकोडीचा, बेळगाव जिल्हा. २०१८ ला मिशिगनमध्ये डेमोक्रॅट प्रायमरीत तिसरे आले. जिंकल्या ग्रेचन व्हिटमर. तिथे लेगचा उमेदवार प्रायमरीनंतर पक्षाच्या अधिवेशनात ठरतो, व्हिटमरनी गार्लिन गिलख्रिस्टना घेतलं. ठाणेदार २०२२ ला अमेरिकेच्या काँग्रेसवर, म्हणजे संसदेवर, निवडून गेले. मराठी माणूस 'उप' व्हायला तयार नसतो हेच खरं दुखणं.

म्हादई

उलट वाटतं मला. महाराष्ट्रात 'उप' व्हायला रांग असते.

वाळवंटातला_उंट

फार उशिरा आलो. अॅरिझोना, फिनिक्स.

आमच्याकडे लेग कधी नव्हताच. गव्हर्नर गेला की सेक्रेटरी ऑफ स्टेट वर, म्हणजे निवडणुका, नोंदणी वगैरे बघणारा अधिकारी, तोही स्वतंत्र निवडून आलेला. १९८८ ला इव्हान मेकम यांना महाभियोगाने काढलं, रोझ मॉफर्ड आल्या. रिपब्लिकनची जागा डेमोक्रॅटला. १९९७ ला सायमिंग्टन गेले, जेन हल आल्या. २००९ ला जॅनेट नॅपोलिटानो ओबामांच्या मंत्रिमंडळात गेल्या, जॅन ब्रुअर आल्या. या वेळी डेमोक्रॅटची जागा रिपब्लिकनला. ब्रुअरबाईंनी पुढच्या वर्षी सही केलेला स्थलांतरितांविरुद्धचा कायदा आठवत असेल. ऑफिसला जाताना मी ग्रीन कार्ड खिशात ठेवायला लागलो ते तेव्हापासून. ज्या गव्हर्नरला लोकांनी निवडलं होतं, तिने अशाच विधेयकांवर व्हेटो मारले होते. त्यामुळे मधुमालतीताई, मी तुमच्या बाजूचा.

२०२२ च्या सार्वमतात लोकांनी लेगचं पद मंजूर केलं, जोडीने निवडायचं. पहिली निवडणूक २०२६ ची. उमेदवाराने मतदानाच्या किमान ६० दिवस आधी जोडीदार सांगायचा. आमच्या मतपत्रिकेवर पहिल्यांदाच दोन नावं येणार. शेजारचे आजोबा आत्ताच कुरकुरताहेत, एका मतात दोन माणसं म्हणजे एकावर एक फुकट.

मधुमालती

@वाळवंटातला_उंट, हे आईला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, या नव्या उपसरपंचाला बसायला खोली आहे का? आमच्या उपसरपंचांना शेवटपर्यंत वेगळी खुर्ची मिळाली नव्हती, सरपंच यायच्या आत येऊन बसायचे.